मंचुरियनचा पत्ता

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे टोरोंटोला होतो. परदेशात जायची पहिलीच वेळ. पहिल्या शनिवारपर्यंत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी संपली, हॉटेलातल्या ब्रेड-अंड्याचा वीट आला आणि मी स्पडायना रस्त्यावरच्या चायनाटाउनमध्ये जाऊन बसलो. लातूरच्या पोराला तिथं ओळखीचं काय मिळणार? चायनीज.

मेन्यूकार्ड दोनदा वाचलं. मंचुरियन नाही. शेजवान राईस नाही. ट्रिपल राईसचा तर प्रश्नच नाही. ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीला विचारलं, "मंचुरियन?" तिला शब्दच कळला नाही. मी पुन्हा म्हटलं, सावकाश म्हटलं. तिने मान हलवली. शेवटी लसणावर परतलेली पालेभाजी आणि पांढरा भात खाऊन बाहेर पडलो. जेवण चांगलं होतं. तरी परतताना मनात हेच येत होतं, की हे काही चायनीज नव्हे.

ही गोष्ट टीममधल्या एका पंजाबी मित्राला सांगितली. तो तिथंच ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला. पोट धरून हसला आणि म्हणाला, "तुला हक्का पाहिजे." पुढच्या शनिवारी तो मला स्कारबरोला घेऊन गेला. रस्त्याकडेच्या दुकानांच्या एका ओळीत, औषधाचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधे एक साधं रेस्टॉरंट. पाटीवर 'हक्का चायनीज', खाली 'हलाल'. कार्डाच्या पहिल्याच पानावर चिली चिकन, पकोडा, मंचुरियन, हक्का नूडल्स. टेबलांवर गुजराती कुटुंबं, तमिळ पोरं, हिजाब घातलेल्या मुली. काउंटरवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते, चेहऱ्याने चिनी. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा, तीखा कितना रखूँ?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला.

"अंकल, आप इंडिया से हो?"

"टेंगरा. कलकत्ता."

"इधर कब आए?"

"एट्टी-फोर में."

"क्यों?"

त्यांनी बिल फाडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "सब आ रहे थे."

या चार शब्दांमागे काय आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढचा आठवडाभर रात्री मी तेच वाचत होतो.

आपला गाडा

आधी आपलं चायनीज. मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला होतो. मेस रात्री नऊला बंद व्हायची, त्यानंतर रस्त्यावरचा चायनीजचा गाडा. लाल रंग, त्यावर पिवळी अक्षरं, कडेला कुणा पेंटरने काढलेला ड्रॅगन, जो बराचसा घोरपडीसारखा दिसायचा. भट्टीचा घरघर आवाज. हाफ राईस तीस रुपये. सुट्टीत लातूरला आलो की ट्यूशन एरियात हेच दृश्य. मराठवाडाभरातून नीट-जेईईसाठी आलेली पोरं-पोरी, पाठीवर सॅक, हातात मंचुरियनची प्लेट. आमच्याकडे सकाळी सुशीला आणि संध्याकाळी चायनीज, यात कुणालाच काही विसंगत वाटत नाही.

हॉस्टेलला आम्ही चौघं एकाच प्लेटमध्ये चार चमचे घालायचो. चौघं चार जातींचे. घरच्या डब्याच्या बाबतीत एवढं सोपं नव्हतं. कुणाच्या डब्यात काय असतं, काय नसतं, हे सगळ्यांना कळायचं आणि त्यावरून बाकीचंही कळायचं. मंचुरियन मात्र कुणाच्याच घरचं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांचं होतं. हे तेव्हा सुचलं नव्हतं, आता सुचतंय.

आणखी एक गंमत. सोयाबीन मूळचं चीनचं पीक. आज लातूरचा आडत बाजार सोयाबीनच्या भावावर हलतो. आमच्याही शेतात तेच. पण तेल सोडलं, तर आमच्या स्वयंपाकघरात सोयाबीन कधी शिरलं नाही. सॉस होऊन ते आमच्या पोटात गेलं ते गाड्यावरच.

साखर, चामडं, कढई

मंचुरियनला मांचुरियाशी काही घेणंदेणं नाही. मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्येकडचा थंड प्रदेश. आपल्या मंचुरियनचा पत्ता कोलकात्याचा आहे.

१७७८ च्या सुमारास तोंग आछू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला हुगळीकाठी, बजबजजवळ जमीन मिळाली. त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि चीनमधून मजूर आणले. साखर कारखान्याभोवती वस्ती कशी उभी राहते, हे लातूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या गावाचं नाव आज आछीपूर आहे. आछूची कबर तिथेच आहे आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी अजून तिथं जातात.

आछूचा कारखाना फार चालला नाही, पण माणसं येत राहिली. क्वांगतुंग प्रांतातले कँटनी लोक सुतारकामात शिरले, हुपेचे लोक दातांचे डॉक्टर झाले, आणि हक्का लोक चामड्यात. चामडंच का? कारण ते काम इथल्या सवर्णांनी विटाळाचं ठरवलेलं होतं. आपल्याकडे ज्या कामावरून माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच कामात बाहेरून आलेल्या हक्का लोकांना जागा रिकामी सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या पूर्वेला टेंगऱ्याच्या दलदलीत त्यांनी चामडं कमावण्याचे कारखाने टाकले. कामगारांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी खानावळी निघाल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं, तेव्हा टेंगऱ्यातल्या अनेकांनी चामडं सोडलं आणि पूर्णवेळ कढई धरली. 'हक्का नूडल्स'मधला हक्का तो हाच. एका जमातीचं नाव आपण पाकिटावर रोज वाचतो आणि तो नूडल्सचा प्रकार समजतो.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावला १९१९ सालचं सी यूप कून हे चिनी मंदिर आजही उभं आहे. गोदीत आणि जहाजांवर काम करणाऱ्या लोकांनी ते बांधलं. चर्चगेटला कामलिंग, कुलाब्याला नानकिंग अशी रेस्टॉरंटं निघाली, पण ती साहेबांची आणि सिनेमावाल्यांची. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सिच्वान प्रांताचं तिखट जेवण भारतात आलं. आपण सिच्वानचं शेजवान केलं. तिथल्या जीभ बधिर करणाऱ्या मिऱ्यांऐवजी लाल मिरची आणि लसूण घातलं. म्हणजे आपली लसणाची चटणीच, सॉसमध्ये कालवलेली.

आणि मंचुरियन? सर्वत्र सांगितली जाते ती गोष्ट अशी. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग सत्तरच्या दशकात नशीब काढायला मुंबईत आले. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते स्वयंपाक करत होते. एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं. वांग यांनी कुठल्याही भारतीय रश्शाला करतात तसं आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून घेतली. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. १९८३ मध्ये त्यांनी चायना गार्डन सुरू केलं. चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले आणि पदार्थ शाकाहारी घरांतही पोचला.

तिथून गाड्यापर्यंतचा रस्ता आपल्या डोळ्यांदेखत झाला. नव्वदच्या दशकात बाटलीबंद सॉस आणि मसाल्याची पाकिटं तालुक्याच्या किराणा दुकानात मिळू लागली. गावाकडची पोरं पुण्या-मुंबईत एखाद्या नेपाळी वस्तादाच्या हाताखाली शिकली आणि परत येऊन स्वतःचा गाडा लावला. १९९५ ला युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली होती. योजना गुंडाळली गेल्यावर त्यातल्या कितीतरी टपऱ्यांवर दुसरंच शिजू लागलं. झुणका-भाकरीच्या टपरीत मंचुरियन! यावर कुणी प्रबंध लिहायला हरकत नाही.

देवली

आता ते चार शब्द.

लातूरहून दोन-अडीच तासांवर सोलापूर आहे. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या कुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. मुलाचं नाव होतं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. परक्या देशाचा माणूस आपला कसा होतो, याची ही गोष्ट आपल्याला पाठ आहे.

कोटणीस गेल्यावर बरोबर वीस वर्षांनी आपण काय केलं, ती गोष्ट मात्र कुठल्याच धड्यात नाही.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. महिनाभरात युद्ध संपलं, आपला पराभव झाला. त्या काळात कायदा बदलला गेला. ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही एक कधीकाळी शत्रुदेशाचा नागरिक होता, अशा माणसाला परकीय धरून अटक करता येऊ लागली. नोव्हेंबरमध्ये आसामातल्या माकुमसारख्या गावांत आणि दार्जिलिंग, शिलाँगकडे पोलीस घरोघर गेले. माकुमच्या चिनी लोकांचे पूर्वज १८३० च्या दशकापासून इंग्रजांनी चहासाठी आणलेले. सव्वाशे वर्षांत त्यांच्या घरात आसामी, बंगाली, नेपाळी, आदिवासी बायका सुना म्हणून आल्या होत्या. पोरं असमिया बोलत होती. थोडं सामान घ्या, असं सांगून त्यांना नेलं. रेल्वेने, सुमारे आठवडाभराच्या प्रवासाने, राजस्थानात कोट्याच्या बाजूला असलेल्या देवली इथल्या छावणीत. डब्यांवर शत्रूची गाडी असल्याचं लिहिलेलं होतं आणि वाटेत स्टेशनवर लोकांनी दगड मारले, असं त्या गाडीत लहान मुलं म्हणून बसलेल्या माणसांनी पुढे सांगितलं आहे.

छावणी नवी नव्हती. १९४१ मध्ये इंग्रजांनी तिथं जयप्रकाश नारायण आणि आपले कॉम्रेड डांगे यांना डांबलं होतं. स्वतंत्र भारताने तीच जागा वापरली. सुमारे तीन हजार माणसं. त्यात तान्ही मुलं होती, म्हातारे होते. हेरगिरीचा खटला कुणावरही चालला नाही. आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा येतं ते जेवण: सुरुवातीचा अर्धाकच्चा, करपलेला भात, मग शिधा मिळायला लागल्यावर बायकांनी आपापल्या चुली मांडल्या. दोन हजारांहून जास्त माणसांना जहाजात बसवून चीनला पाठवण्यात आलं. त्यातल्या कित्येकांनी तो देश पूर्वी पाहिलेलाही नव्हता. उरलेल्यांपैकी काही जण १९६७ पर्यंत आत होते. सुटून घरी आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली होती.

कोलकात्यातल्या बहुतेकांना देवलीला नेलं नाही. पण त्यांना पोलिसांत हजेरी लावावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी काढावी लागे. नोकऱ्या गेल्या, शाळा बंद पडल्या, नागरिकत्वाचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेली कोलकात्याची चिनी वस्ती आज दोन-चार हजारांवर आली आहे. बाकीचे ऑस्ट्रेलियात, स्वीडन-ऑस्ट्रियात आणि सगळ्यात जास्त टोरोंटोत गेले. सब आ रहे थे.

जाताना त्यांनी आपलं चायनीज बरोबर नेलं. टोरोंटोच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर १९८६ पासून युए तुंग हे रेस्टॉरंट कोलकात्याहून आलेलं एक हक्का कुटुंब चालवतं. स्कारबरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा इथं अशी कित्येक. तिथं 'हक्का' म्हटलं की पंजाबी, गुजराती, तमिळ, पाकिस्तानी, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. भारताने ज्यांना परकीय म्हणून काढलं, ते कॅनडात भारतीय उपखंडाचं हॉटेल चालवतात.

कायद्याच्या हातची चव

हे फक्त भारतातच झालं असं समजू नका. कॅनडाने १८८१ ते १८८५ मध्ये पॅसिफिक रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर आणले. रूळ पूर्ण होताच १८८५ मध्ये चिनी माणसावर ५० डॉलरचा प्रवेशकर बसवला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर केला. १९२३ मध्ये दारच लावलं, ते १९४७ मध्ये उघडलं. जे आत होते त्यांना बरेचसे व्यवसाय बंद होते, म्हणून लाँड्री आणि खानावळ. कॅनडातल्या गहू पिकवणाऱ्या छोट्या छोट्या गावांतही एक चायनीज कॅफे असतो, तो यामुळे. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली. पण व्यापाऱ्यांना सूट होती. १९१५ मध्ये न्यायालयाने रेस्टॉरंटच्या मालकाला व्यापारी मानलं आणि तिथं चायनीज रेस्टॉरंटांची संख्या झपाट्याने वाढली. आपल्याला वाटतं चिनी माणसाला स्वयंपाकाची हौस असते. बऱ्याचदा त्याला तेवढंच एक दार उघडं ठेवलेलं होतं.

आणि त्या दारातून जे ताट बाहेर आलं ते प्रत्येक देशात तिथल्या जिभेसारखं झालं. अमेरिकेत चॉप सुई, कॅल्गरीत जिंजर बीफ, पेरूत 'चिफा', आपल्याकडे मंचुरियन. त्यामुळे "हे अस्सल चायनीज नाही" असं आता कुणी म्हटलं, की मी वाद घालत नाही. टोरोंटोच्या चायनाटाउनमध्ये मीही तेच म्हटलं होतं, फक्त उलट्या बाजूने. अस्सल काय आहे ते सोडा. ते करणारा माणूस कुठून आला आणि त्याला का निघावं लागलं, हे विचारलं पाहिजे.

एक फरक मात्र सांगायला हवा. २२ जून २००६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्या प्रवेशकराबद्दल चिनी कॅनेडियन लोकांची माफी मागितली. हयात असलेल्यांना भरपाई दिली. टोरोंटोत राहणाऱ्या देवलीवाल्यांनीही संघटना केली आहे. त्यांची भारत सरकारकडे मागणी आहे ती माफीची, मोठ्या रकमेची नव्हे. ती अजून मिळालेली नाही. रिता चौधरी यांनी माकुमच्या लोकांवर 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० मध्ये लिहिली. जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसोझा यांचं 'द देवलीवालाज' २०२० मध्ये आलं. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. एवढं तरी झालं.

त्याच २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान मारले गेले. सगळ्या देशासारखा मलाही संताप आला होता. त्या आठवड्यात आपल्या महाराष्ट्रातले केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज विकणारी रेस्टॉरंटं बंद करा, चायनीज खाऊ नका, असं आवाहन केलं. ग्रुपवर त्याचे मीम्स फिरले, मीही दोन पुढे पाठवले. आज ते आठवलं की हसू येत नाही. माझ्या गावात तो बहिष्कार पडला असता तर कुणावर? निलंग्याच्या, उदगीरच्या एखाद्या पोरावर, ज्याने उसनवारीवर गाडा घेतलाय. आणि त्याआधी ज्यांच्यावर पडला होता, ते माकुमचे आणि टेंगऱ्याचे होते. चीनचं नुकसान कुठेच नव्हतं.

परतायच्या आदल्या दिवशी मी एकटाच पुन्हा स्कारबरोला गेलो. देवलीबद्दल विचारायचं ठरवून गेलो होतो. काउंटरसमोर उभा राहिलो आणि विचारता आलं नाही. कुठल्या तोंडाने आणि कशासाठी विचारणार? त्यांनीच विचारलं, "घर किधर है?"

"लातूर. महाराष्ट्र में. हैदराबाद के थोड़ा पहले."

"उधर चाइनीज़ मिलता है?"

मी फोन काढून फोटो शोधला. ट्यूशन एरियातला गाडा, लाल रंग, पिवळी अक्षरं, तो घोरपडीसारखा ड्रॅगन. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ धरला. शाळेत हिंदी शिकले असावेत, कारण बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर वाचलं, "व्हे-ज मं-चु-रि-य-न." मग ड्रॅगनकडे बघून हसले.

"इसमें क्या डालते हैं?"

"पत्तागोभी, अंकल."

"हाँ," ते म्हणाले, "हम भी वही डालते हैं." आणि आत वळून कुणाला तरी माझी ऑर्डर सांगितली, अर्धी बंगालीत, अर्धी हक्कात.